तळभंडारेबाईंची राखण

सोलापुरात पांढरा रंग खरा कुणाला कळतो, तर तळभंडारेबाईंना, असं त्यांच्या शाळेतली पोरं छातीठोकपणे सांगतात. पोरांच्या डोक्यात हे बाईंनीच भरवलेलं आहे, हेही आताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याला बाईंचा हा स्वभावच कारण झाला.

धम्मप्रिया रावसाहेब तळभंडारे. वय सेहेचाळीस, एकवीस वर्षं एकाच शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका. उंची बेताची, आवाज मात्र दोन मजले खाली ऐकू जाईल असा. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला त्या घरात पुन्हा चहा मिळाला नाही. घरात आई पारूबाई, धाकटा भाऊ यशपाल, त्याची बायको आणि मुलगी. दर पौर्णिमेनंतर विहार साफ करायचं काम बाईंकडे. वडील रावसाहेब गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. लहानपणी धम्मा त्यांचा डबा घेऊन गेटावर जायची, तेव्हा आत नुकतं धुऊन निघालेलं कापड पसरलेलं असायचं. उन्हात त्याच्याकडे बघवत नसे. त्या कापडात निळा दिसतो, पिवळा दिसतो, सावलीत चक्क जांभळा दिसतो, हे तिला आठव्या वर्षी कळलं. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप ऱ्हा. पांढऱ्याला रंग असता तर सायबानं आमाला ब्लीचिंगला कशाला ठिवलं असतं?"

गिरणी बंद पडली, रावसाहेबही गेले, पण बाईंचं पांढऱ्याचं वेड काही गेलं नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत टॉवेलवाल्यांच्या तारा आहेत. त्यांवर शेकडो पांढरे टॉवेल वाळत असतात आणि बाई गच्चीवर बसून तेच रंगवतात. देऊळ नाही, तळं नाही, किल्ला नाही, नुसते टॉवेल. पण त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की उन्हात आल्यासारखे डोळे बारीक होतात, हे त्यांच्यावर जळणारेसुद्धा कबूल करतात.

आता जलरंगातली गोम अशी, की पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा सोडायचा असतो. टॉवेल पांढरा हवा तर टॉवेलाच्या जागी रंगाचा थेंबही पडता कामा नये. शेकडो टॉवेलांच्या कडेकडेनं आभाळ रंगवायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून चित्रकार लोक मास्किंग फ्लुइड नावाचं एक दुधासारखं औषध वापरतात. ते कागदावर लावायचं, वाळलं की त्याची रबरासारखी पापडी होते, मग वरून बिनधास्त रंग फिरवायचा, आणि सगळं सुकल्यावर बोटानं घासून पापडी काढून टाकायची. खाली कागद जसाच्या तसा कोरा.

दुकानातली बाटली एवढीशी. वर्गात चाळीस पोरं. पण बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. यशपाल बाथमॅटच्या कारखान्यात कामाला होता. न्हाणीघरासमोर पसरायची ती मॅट फरशीवर घसरू नये म्हणून तिच्या पाठीला एक पांढरं, पातळ रबर लावतात. कारखान्यात त्याची पिंपंच्या पिंपं. बाईंनी एकदा ते बोटावर घेतलं, हुंगलं, आणि त्यांचे डोळे चमकले. यशपालकडून बाटलीभर मागवलं, पाणी घालून सारखं केलं, जुन्या परकराच्या कापडातून गाळलं, आणि कागदावर लावून बघितलं. झक्कास जमलं. शेतात पिकाची राखण करतात तशी ही पांढऱ्याची राखण, म्हणून बाईंनी त्याचं नावच ठेवलं राखण.

तेव्हापासून बारा वर्षं शाळेतल्या प्रत्येक पोराच्या दप्तरात खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली आणि तिच्यात बाईंची राखण. "बाई, राखण संपली." "बाई, यानं माझी राखण सांडली." पापडी घासून काढायची आणि तिच्या गोळ्या वळून पुढच्या बाकावरच्याला मारायच्या, हा तर पोरांचा आवडता धंदा. जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेत बार्शीच्या, पंढरपूरच्या शाळा तोंडात बोट घालून बघत, की या पोरांना एवढं पांढरं साधतं कसं. बाई नुसत्या हसत. त्यांच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो या राखणीचा.

चारेक वर्षांपूर्वी बाईंचे हात खाजू लागले. बाईंनी खडूला दोष दिला. मग भांड्यांच्या साबणाला दिला, मग यशपालच्या बायकोनं आणलेल्या नव्या पावडरीला दिला, त्यावरून घरात दोन दिवस अबोलाही झाला. वर्गात शिंका यायला लागल्या तेव्हा त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं, की धूळ नीट झटकत नाहीस. राखणीच्या बाटलीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

गेल्या वर्षी यशपालच्या मुलीचा वाढदिवस होता. आत्या म्हणून फुगे फुगवायचं काम बाईंकडे आलं. सात फुगे झाले आणि आठव्याला ओठ जड वाटायला लागले. बाईंनी आरशात बघितलं. वरचा ओठ इडलीएवढा झाला होता. डोळे बारीक झाले, अंगभर गांधी उठल्या, आणि मग घसा असा आवळत आला, जणू कुणीतरी आतून दोरी ओढतंय. पारूबाईंनी बोंब ठोकली, "आरं, पोरगी काळी पडाय लागली की!" यशपालनं बहिणीला उचललं आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात इंजेक्शन टोचलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या आठवड्यात बाई त्वचेच्या डॉक्टर हुस्ना यांच्याकडे गेल्या. ही हुस्ना त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत असताना हिचे माणसांचे हात नेहमी लाटण्यासारखे यायचे आणि बाईंनी त्यावरून तिला बरंच छळलं होतं. आता तिनं बाईंचे हात उलटसुलट करून बघितले, तपासण्या करून घेतल्या आणि चार दिवसांनी कागद समोर ठेवला.

"बाई, तुम्हाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे. म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाची. फुगे, रबरी हातमोजे, हे सगळं बंद. केळं, पपई खाल्ल्यावर तोंडात खाज येते का?"

"येते की. मी म्हटलं केमिकलनं पिकवत असतील."

"ते पण बंद. आणि ही साधी गोष्ट नाही हं. पुढच्या वेळी दवाखान्यात पोचायच्या आत काही होऊ शकतं. रबराशी रोजचा संबंध येतो का तुमचा?"

"मी काय टायरच्या दुकानात बसते?" बाई उसळून म्हणाल्या. "मी चित्रं काढते, हुस्ना."

"एकदम एवढी अ‍ॅलर्जी होत नाही, बाई. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगाला लागत राहिलं की मग अशी उसळते. आठवून बघा."

बाई उठून दारापर्यंत गेल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच थबकल्या. यशपालच्या कारखान्यातलं पिंप त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पिंपावरचा कागद त्यांनी बारा वर्षांत एकदाही वाचला नव्हता. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, राखण."

हुस्नाला राखण माहीत नव्हती, ती शाळेतून गेल्यावर राखण आली. बाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हुस्नाच्या हातातलं पेन थांबलं. बाईंच्या मनात मात्र तेव्हा एकच विचार होता, की आता माझ्या टॉवेलांचं काय. चित्रं बंद झाली तर मी करू काय? सकाळी उठू कशाला? जिनं चाळीस वर्षं पांढरं सोडून दुसरं काही बघितलं नाही, तिनं आता तारेवरचे टॉवेल नुसते मोजायचे का? हा धक्का त्यांना गळा आवळण्यापेक्षा मोठा वाटला, आणि त्यांनी तो हुस्नाला तसा बोलूनही दाखवला.

मग सुरू झाला शोध. नव्या पेठेत अझरुद्दीनचं रंगसाहित्याचं दुकान आहे. बाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यानं तीन कंपन्यांच्या बाटल्या काउंटरवर मांडल्या. बाईंनी चष्मा लावला, वरून भिंग धरलं. वाळायला किती वेळ, कागद कोणता, ब्रश कसा धुवायचा, सगळं होतं. आत काय आहे, त्याचा पत्ता नाही.

"बाई, सगळे हेच नेतेत," अझरुद्दीन म्हणाला. "आजपर्यंत कुणीच विचारलं नाही, आत काय हाय म्हणून."

एका बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगत राहिली, "मॅडम, आपलं प्रॉडक्ट आर्टिस्ट ग्रेड आहे." बाईंनी पाच वेळा विचारलं की यात रबराचा चीक आहे का, आणि पाचही वेळा ते आर्टिस्ट ग्रेडच निघालं. शेवटी बाईंचा दोन मजली आवाज लागला आणि फोन कटला.

मग ऑनलाइन एक बाटली मिळाली. वर मोठ्या अक्षरात अमोनियामुक्त, बिनवासाची, मुलांसाठी सुरक्षित. बाईंनी आनंदानं घरात नुसते पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. खोका फोडला, आतली घडी घातलेली चिठ्ठी उलगडली, आणि खालच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरात वाचलं, की घटक नैसर्गिक रबर लॅटेक्स आणि पाणी. वास काढला होता, चीक तसाच होता. बाईंनी बाटली जमिनीवर ठेवली आणि हातभर मागे सरकल्या. झाकण उघडून हुंगायचंच काय ते राहिलं होतं.

"केमिकलचं सोस्त न्हाय तर झाडाचं घे की," पारूबाई म्हणाल्या. "वडाचा चीक काढून देते. आमी लहानपणी त्यानं पतंग चिकटवायचो. झाडाचं आसलं तर कशाला बाधतंय?"

बाईंना ते एकदम पटलं. दोघी मायलेकी वाटी आणि चाकू घेऊन वडाशी गेल्यासुद्धा. नशीब, की बाईंना हुस्नाला विचारायची बुद्धी झाली. फोनवर हुस्ना किंचाळलीच. "बाई, रबर कुठून येतं? तेही झाडच! चीक तो चीक! हात लावू नका, आईंना हात धुवायला सांगा आधी!" बाईंनी वाटी तिथेच टाकली आणि वडाकडे असं बघितलं, जणू तो आता अंगावर येणार आहे.

दीड महिना असा गेला. अखेर अझरुद्दीननंच पुण्यातल्या कुणाकडून तरी परदेशातली एक बाटली मिळवली. कृत्रिम रबराची, चिकाचा थेंब नाही. बाईंनी तिची चिठ्ठी चार वेळा वाचली, कंपनीचं लेखी उत्तर मागवलं, ते हुस्नाला दाखवलं. हुस्नानं स्वतःसमोर थोडं बाईंच्या हातावर लावून बघितलं. काही झालं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिळाली गं," त्या म्हणाल्या. "सुटले मी."

"हो. तुम्ही सुटलात," हुस्ना म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि मुलं?"

"कुठली मुलं?"

"तुमच्या वर्गातली. राखण बंद केलीत ना, बाई? मी त्या पहिल्याच दिवशी विचारणार होते. मला वाटलं, तुम्ही केलीच असेल."

दीड महिना. दीड महिना त्या स्वतः राखणीपासून चार हात लांब राहत होत्या. पोरांनी बाटल्या उघडल्या की खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत होत्या. आणि पोरं मात्र रोज तीच राखण बोटांनी घासत होती, गोळ्या वळत होती, एकमेकांना मारत होती. गेल्याच सोमवारी नवी बाटली यशपालकडून त्यांनीच आणवली होती. एकदाही, एकदासुद्धा त्यांच्या मनात आलं नव्हतं, की जे मला बाधतं ते पोरांना बाधेल. राखण वाईट आहे हे त्यांना कळलं होतं, पण ती आपल्यापुरती वाईट आहे असंच त्या धरून चालल्या होत्या.

"कुणी तक्रार नाही का केली कधी?" हुस्नानं विचारलं. "हात खाजतात, पुरळ येतं, असं?"

"नाही," बाई म्हणाल्या. आणि तो शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यांना सिद्धेश्वरी आठवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सिद्धेश्वरी तेव्हा सातवीत होती. हात असा, की बाईंनी मनातल्या मनात तिला आपल्यापुढे काढून ठेवलं होतं. एक दिवस ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, राखणीनं माझे हात लई खाजतेत." बाईंना तो राखणीचा अपमान वाटला. त्यांनी भर वर्गात तिचे हात वर धरून दाखवले. "हे चित्रकाराचे हात आहेत की राजकन्येचे? नखरे घरी करायचे." वर्ग खो खो हसला. पोरगी चिवट होती, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा बाईंनी शिक्षा केली, की आज चाळीसही जणांच्या कागदांवरची राखण तूच घासून काढायची. तिनं काढली. त्यानंतर सिद्धेश्वरी चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसायची. एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नाही. बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या, अंगात गुण असून उपयोग काय, माज आहे.

रविवारी दुपारी बाई तिच्या घरी गेल्या. आई बसव्वा घरी टॉवेलांना इस्त्री करून घड्या घालायचं काम करते. दोन खोल्यांत टॉवेलांच्या थप्प्या, मधून जायला पाऊलभर वाट. सिद्धेश्वरी बाहेर नळावर गेली होती. बाईंना बघून बसव्वा गडबडली. "बर्री बाई, कुंदर्री," असं कानडीतच या-बसा झालं आणि एक थप्पी उचलून जागा केली.

"सिद्धेश्वरीच्या हातांना काही झालं होतं का हो, सातवीत असताना?" बाईंनी बसता बसताच विचारलं.

"झालं होतं की. फाटून रगत येत होतं. दोन म्हैने भाकरी थापली न्हाई तिनं. आमी म्हटलं, सोड्यानं झालं आसंल. पण ते हाताचं कायबी न्हाई बाई, नंतर तिला दमा लागला की."

"दमा?"

"व्हय. एक दिवस शाळेतनं आली आन् इथंच, तुमी बसलाय तितंच, खाली बसली. श्वासच घेता येईना. तोंड सुजून गेलं होतं. सिविलला नेलं, नळी लावली. तीन दिवस हितं आमच्या घरात चूल पेटली न्हाई. डॉक्टर म्हणाले, दमा हाय. तवापास्नं पंप हाय तिला." बसव्वानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी दाखवली.

"कुठला दिवस होता? काय केलं होतं शाळेत तिनं?"

"ते कुटं आठवतंय. हां, हाताला रबराच्या गोळ्या चिकटल्या होत्या, नखातबी होत्या. सिविलमदी नर्सबाईनं धुऊन काढल्या."

बाईंना तो शिक्षेचा दिवस आठवला. चाळीस कागद. घसा आवळतो तेव्हा काय वाटतं हे त्यांना आता ठाऊक होतं. सेहेचाळीस वर्षांच्या बाईचं त्यात काय झालं होतं, तेही ठाऊक होतं. ही पोर तेव्हा बारा वर्षांची होती. आणि दुसऱ्या आठवड्यात ती शाळेत आली तेव्हा बाईंनी तिला विचारलं होतं, की तीन दिवस कुठे उंडारत होतीस.

इतक्यात सिद्धेश्वरी कळशी घेऊन आत आली. बाईंना बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला. कळशी ठेवून ती आतल्या खोलीत निघाली, तशा बाई उठल्या आणि तिच्या मागे गेल्या. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरल्या, कारण आतल्या खोलीच्या भिंतीवर चित्रं होती. टाचण्यांनी अडकवलेली, एकाला एक लागून, छतापर्यंत. टॉवेलांच्या थप्प्या, इस्त्री, वाकलेली बसव्वा. आणि सगळ्या टॉवेलांचं पांढरं कोरंकरकरीत. रंग लावून असं पांढरं होत नाही. हे राखलेलं पांढरं होतं.

"हे कशानं केलंस?" बाईंचा आवाज दोन मजले सोडा, दोन हात पुढे गेला नाही.

सिद्धेश्वरीनं ओले हात परकराला पुसले. मग म्हणाली, "मेणानं. मेणबत्ती वाटीत वितळवायची, काडीनं कागदावर लावायची. वर रंग द्यायचा. वाळला की खाली-वर टॉवेलच्या चिंध्या घालून इस्त्री फिरवायची. चिंधी मेण पिऊन टाकती. थोडा तेलकट डाग राहतो, पण पांढरं राहतं की."

"मेण कुठून आणतेस?"

"तुमीच टाकता की, बाई. विहारात पौर्णिमेला मेणबत्त्या जळतेत, त्याची थुटकं तुमी चाकूनं खरवडून कोपऱ्यावरच्या डब्यात टाकता. मी तिथनं आणते."

बाई टॉवेलांच्या थप्पीवर बसल्या. अझरुद्दीनचं दुकान, पुण्याची बाटली, परदेशातली चिठ्ठी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. दर पौर्णिमेला ते मेण त्या आपल्याच हातांनी कचऱ्यात टाकत होत्या, आणि ज्या पोरीला त्यांनी वर्गात नाटकी ठरवलं तीच ते उचलून नेऊन रंगवत होती. एकटी. आपल्याला न दाखवता. बाईंना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी तिथूनच हुस्नाला फोन लावला. हुस्ना म्हणाली, उद्याच संध्याकाळी मुलीला घेऊन या, दमा आहे की दुसरंच काही ते बघू, आणि तोवर दात काढायला जरी नेलं तरी डॉक्टरला रबरी हातमोज्यांचं आधी सांगा. बसव्वाला यातलं निम्मंच कळलं, पण ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"सिद्धेश्वरी," बाई म्हणाल्या, "माझं चुकलं गं. मी तुझं ऐकायला हवं होतं. मला सांग, मी काय करू?"

बाईंना वाटलं, पोरगी रडेल, नाहीतर नमस्कार करून मोकळी होईल. मोठ्या माणसानं चूक कबूल केली की आपल्याकडे लहानांनी विरघळायचं असतं. ही विरघळली नाही.

"वर्गात सांगा," ती म्हणाली. "तुमी वर्गात म्हणाला होता, मी नखरे करते म्हणून. अजून मला पोरं राजकन्या म्हणतेत. मी खोटं बोलत नव्हते, ते वर्गात सांगा. सगळ्यांसमोर."

सोमवारी पहिल्याच तासाला बाईंनी नववीचा वर्ग गाठला. गणिताच्या सरांना हात जोडून दहा मिनिटं मागून घेतली. सिद्धेश्वरी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. एकवीस वर्षांत बाईंना वर्गापुढे उभं राहायची भीती वाटली नव्हती, आज वाटली. तरी त्यांनी सगळं सांगितलं. राखण म्हणजे काय होतं, त्यांना स्वतःला काय झालं, आणि दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वरीला काय झालं. "ती खरं बोलत होती," त्या म्हणाल्या. "खोटं मी बोलले. तिचे हात असे वर धरून तुम्हाला हसवलं, ती माझी चूक झाली. तिची मी सगळ्यांसमोर माफी मागते."

कुणी हसलं नाही. टेबलावर बाईंनी मोठा डबा ठेवला आणि सगळ्यांनी आपापल्या राखणीच्या बाटल्या झाकण न उघडता त्यात टाकायच्या असं सांगितलं. एकेक जण उठून टाकून गेला. मग, खरं तर शेवटचं म्हणून, नुसतं विचारून टाकायचं म्हणून बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला राखणीनं त्रास व्हायचा का? हात खाजणं, शिंका, काही?"

एकही हात वर आला नाही. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून एक हात अर्धा वर आला. वर्गाची मॉनिटर, वैजयंती. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांत मोठ्यानं हसली होती ती हीच. तिनं कोपर बाकावरच ठेवलं होतं, हात पुरता उचलायचं धाडस होत नव्हतं. तिच्या बोटांच्या पेरांवर लाल भेगा होत्या, आणि त्या आजच्या नव्हत्या.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"सातवीपासून, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

वैजयंतीनं मागच्या बाकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या मागून दुसरा हात वर आला. मग खिडकीकडचा एक. मग दोन एकदम. बाईंना वाटलं, आता थांबेल, पण हात वर येतच राहिले, घाबरत घाबरत, बाईंच्या तोंडाकडे बघत. त्या मोजायला लागल्या आणि नवावर त्यांचा आकडा चुकला.

मागच्या बाकावर सिद्धेश्वरी उठून उभी राहिली. "बाई," ती म्हणाली, "हात खाली करायला सांगा त्यांना. दुखतेत त्यांचे."